फुईच्या डांगराचं बी

आमच्या घरात अक्षरओळख पत्रकांवरून होते. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना आयुष्यभर चळवळीत. खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे, स्वयंपाकघरात डब्यांखाली पत्रकं, माझ्या शाळेच्या वह्यांना पत्रकांची कव्हरं. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मी 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचायला शिकले, असं आई अजून चारचौघांत सांगते. वाक्य कसं संपवायचं तेही मी तिथेच शिकले. उद्गारचिन्हाने. शाळेत 'माझी आई' हा निबंध असला तरी शेवटच्या परिच्छेदात माझी आई संघर्षाला सज्ज व्हायची.

हे सबब म्हणून सांगत नाही. पत्रकांनी मला बरंच चांगलंही शिकवलं, आणि त्यातला एकही मुद्दा मी आज सोडलेला नाही. पण दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी फुईशी जे केलं ते त्याच शिकवणीच्या जोरावर केलं, मान ताठ ठेवून केलं. म्हणून सुरुवात तिथून करावी लागते.

फुई म्हणजे नानांची थोरली बहीण. तिला शिरपूरकडे तापीकाठच्या गावात दिलेली. तिच्या सासरी नदीत डांगर करायचे. डांगर म्हणजे खरबूज. धुळ्यात गाडीवाले खरबूज म्हणूनच ओरडतात, पण आमच्या घरात फुईसमोर तो शब्द कुणी काढत नाही. हिवाळ्याच्या शेवटी पाणी उतरलं की नदीत वाळू उघडी पडायची. ओल लागेपर्यंत त्या वाळूत चर खणायचे, शेणखत घालायचं, बी टोचायचं, वाऱ्याच्या बाजूने गवताचे पडदे उभे करायचे. उन्हाळाभर अख्खं घर नदीत राहायचं. पुढे खाली बंधारा झाला, पाणी बारा महिने थांबायला लागलं, वाळू पाण्याखाली गेली आणि डांगराच्या वाड्या संपल्या. फुईच्या नवऱ्याने मग दुसऱ्यांच्या शेतात वाट्याने कापूस केला. फुईने मात्र बी सोडलं नाही. घरामागे तीन-चार वेल लावून ती उन्हाळ्याच्या उन्हाळ्याला ते बी नवं करून घ्यायची आणि राखेत घालून पत्र्याच्या डबीत ठेवायची.

नंतर नवऱ्याचं आजारपण आलं. ते लांबलं. त्यात काही उन्हाळे तसेच गेले. तो गेला तेव्हा मुलगा सुरतेला, एका खोलीत बायको-पोरांसह राहणारा. नाना जाऊन बहिणीला धुळ्याला घेऊन आले. तिच्यासोबत एक पेटी होती आणि ती डबी.

देवपुरातलं आमचं घर कॉलनीतलं. मागे धुण्याचा दगड आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मातीचा एक पट्टा आहे. संक्रांत झाल्यावर फुईने नानांना पाठवून तीन पाट्या वाळू आणवली आणि त्या पट्ट्यात आळी केली. डबीतलं बी तिने रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधलं.

"सगळंच लावतेस?" मी विचारलं. "अर्धं ठेव ना मागे."

"म्हातारं बी शे माय ते, मन्हासारखं," ती म्हणाली. "यंदा उगनं त उगनं. पुढला सालले काय जीव ऱ्हास त्यानामा?"

मूठभर बियांतून पाच रोपं वर आली. एक मांजराने उकरलं. चार राहिली. फुई रोज मोजायची, जणू रात्रीतून एखादं निघून जाईल. तिला पाटीभर फळं नको होती. चारांतल्या एका वेलावर तरी एक फळ धरावं, पिकावं, त्याचं बी डबीत पडावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. नाहीतर ते डांगर संपलं. मला हे माहीत होतं. तिने दहा वेळा सांगितलं होतं आणि मी दहाही वेळा मान डोलावली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी वेलांना फुलं आली आणि फुईचं ते सुरू झालं.

दिवेलागणीला ती धाग्याचं रीळ घेऊन मागे जायची. धागा हळदीत बुडवून पिवळा केलेला. उद्या उमलतील अशा कळ्या शोधून त्यांचं तोंड ती त्या धाग्याने बांधायची. सकाळी अंघोळ करून, पायात चप्पल न घालता पुन्हा जायची. एका कळीचा धागा सोडायची, ते फूल देठासकट तोडायची, पाकळ्या मागे सोलायची आणि दुसऱ्या फुलात, ज्याच्या पोटाशी लव असलेली इवली गाठ असते त्यात, अलगद टेकवून फिरवायची. फिरवताना पुटपुटायची, "शुभमंगल सावधान." मग त्या दुसऱ्या फुलाचं तोंड पुन्हा बांधून टाकायचं, देठालाही एक धागा गुंडाळायचा.

"काय चाललंय फुई?" आईने विचारलं तर म्हणाली, "लगन लावी ऱ्हायनू. हाऊ नवरदेव, ही नवरी. आठे माशी येस नही, मंग भटजी मीच."

आई हसली. शेजारच्या बायका भिंतीवरून बघू लागल्या, मग मागच्या दाराने येऊ लागल्या. एक म्हणे अक्षता आणू का, दुसरी म्हणे वरातीला घोडा कुठाय. तिसरीने खरंच लग्नातलं गाणं म्हटलं. फुईला फार बरं वाटायचं. नवरा गेल्यापासून मी तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते आणि माझ्या डोक्यात वेगळंच रचलं जात होतं.

त्यात भर पडली ती एका शेजारणीची. त्यांच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. एके सकाळी त्या मुलीला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अक्का, एक धागा हिच्या हातून बांधू द्या. तुमचा हातगुण असेल तर जमेल हिचंही."

"बांध व माय," फुई म्हणाली. "जावई डांगरसारखा गोड भेटना त माले लुगडं लागी. आनि आंबट निंघना त मन्हाकडे येजो नका."

सगळ्या हसल्या. ती मुलगीही हसली. पण दोन दिवसांनी वेलापाशी कुणीतरी नारळ ठेवला. नंतर हळद-कुंकवाची पुडी. एक बाई मूल होत नाही म्हणून सुनेला घेऊन आली. तिला फुईने काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. ऐकण्याची मला गरज वाटली नाही. धागा, हळद, मंत्र, मूल नसलेली सून: माझ्या पत्रकाला लागणारं सगळं साहित्य माझ्याच घराच्या मागच्या दारी जमलं होतं.

त्याच हिवाळ्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. फैजपूरला नात्यातलं लग्न होतं. हळदीच्या वेळी फुई आपणहून मागे, मांडवाच्या खांबापाशी उभी राहिली. मी तिचा हात धरून तिला पुढे ओढलं आणि सगळ्यांसमोर भाषण केलं. विधवेचा हात अशुभ म्हणणारे तुम्ही कोण, वगैरे. मुद्दा शंभर टक्के खरा होता. फुई मात्र हात सोडवून घेत खाली बघत होती आणि कानाशी म्हणत होती, "ऱ्हाऊ दे व माय, लोके दखी ऱ्हायनात." मला ते तिचं दबलेपण वाटलं. तिला त्या वेळी काय हवं होतं हे मी तिला विचारलं नाही. परतीच्या गाडीतही नाही.

महिला दिनाला कॉलनीच्या सभागृहात कार्यक्रम असतो. हळदीकुंकवासारखाच, फक्त वर फलक वेगळा. त्या वर्षी मला बोलायला सांगितलं होतं. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणून कॉलनीत मला मान आहे. मी रात्रीत पत्रक लिहिलं, ओळखीच्या छापखान्यातून प्रती काढून आणल्या. मथळा होता, 'फुलांची लग्नं लावून माणसांची लग्नं जमतात काय?' नाव कुणाचंच घातलं नव्हतं. नाव न घालणं हे मी तत्त्वात बसवलं होतं: आपला विरोध व्यक्तीला नाही, वृत्तीला. ज्या कॉलनीत एकच बाई फुलांची लग्नं लावते तिथे या तत्त्वाला काय अर्थ आहे, हे कुणालाही कळलं असतं.

फुई पहिल्या रांगेत बसली होती. तिने हिरव्या काठाचं लुगडं नेसलं होतं, आणि आजूबाजूच्या बायकांना ती सांगत होती, "मनी भाची शे. बोलस तं आईकत ऱ्हावं असं बोलस."

मी पत्रक वाचून दाखवलं. वाचनाची मला सवय आहे. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा ते येतं. संध्याकाळी मंतरलेले धागे, सकाळी पुटपुटलेले मंत्र, लेकीसुनांच्या अगतिकतेवर पोसलेली भोंदूगिरी. आणि मग ते वाक्य, जे लिहून झाल्यावर मी दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं होतं, कारण मला ते फार आवडलं होतं: "जिला समाज हळदीच्या ताटाजवळ उभं राहू देत नाही, तीच आज हळदीच्या दोऱ्यांचा बाजार मांडून बसली आहे!"

फुईने कुणाकडून एक सुपारीसुद्धा घेतली नव्हती. नारळ आला तो तिने ज्याचा त्याला परत नेऊन दिला होता. बाजार हा शब्द मी घातला कारण तो वाक्यात चांगला बसत होता.

सभागृहात मागच्या बाजूने टाळ्या आल्या. फुईनेही टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवतायत म्हणून दोन-तीनदा वाजवल्या आणि मग तिचे हात मांडीवर हळूहळू खाली आले. तिच्या शेजारची बाई दुसरीकडे बघू लागली होती. फुई माझ्याकडे बघत होती, तोंडावरचं कौतुक अजून पुरतं उतरलं नव्हतं. तेवढं मला व्यासपीठावरून दिसलं. मी पत्रकाची घडी घातली आणि पाणी प्यायले.

ती घरी आली. लुगडं बदललं, मागे गेली आणि वेलांवरचे सगळे धागे एकेक करून सोडले. गाठी बारीक होत्या, तिला दिसत नव्हत्या, म्हणून दातांनी तोडले. मी दारात उभी होते. मला वाटलं, पटलं हिला. खरं सांगते, मला त्या वेळी आनंद झाला. नाना म्हणाले, "एवढं जाहीरपणे नको होतं." मी त्यांना त्यांचीच वाक्यं ऐकवली. आई म्हणाली, "पत्रक छान होतं. आता भाकरी कर."

दुसऱ्या दिवसापासून फुईने मागे जाणं सोडलं. ती पुढच्या ओट्यावर बसायची. शेजारणी बोलायला थांबल्या तर हो-नाही करायची. वेलांना पाणी आई घालायची.

वेल मात्र जोरात वाढले. फुईने आधी लावलेल्या लग्नांतली एकही गाठ धरली नव्हती, कोवळ्या वेलाची पहिली फुलं गळतातच. पानं तळहाताएवढी झाली, भिंतीला लागली, फुलं पिवळीधमक यायची. मी रोज बघत होते. फुलामागची इवली गाठ दोन दिवस हिरवी दिसायची, मग पिवळी पडायची आणि बोट लावलं की देठासकट गळून हातात यायची. एक गेली, चार गेल्या, दहा गेल्या. होळी झाली. मी आईला सांगितलं, ऊन वाढलंय. मग सांगितलं, पाणी जास्त होतंय. मग शेणखत कमी पडलं असेल म्हणून खताची पिशवी आणून टाकली. त्याने पानं आणखी वाढली.

मार्च संपताना, कॉलेजात दोन तासांच्या मधल्या वेळात, मी मोबाइलवर शोधलं: खरबुजाच्या वेलाला फळ का धरत नाही. पहिल्याच व्हिडिओत एक माणूस गच्चीवर कुंडीपाशी उकिडवा बसला होता. त्याने एक फूल तोडलं, पाकळ्या मागे सोलल्या आणि गाठ असलेल्या दुसऱ्या फुलात टेकवून फिरवलं. शहरात मधमाश्या कमी असतात, तो म्हणत होता, त्यामुळे हे काम आपल्याला हातानं करावं लागतं, सकाळी नऊच्या आत.

आठे माशी येस नही, मंग भटजी मीच. हे तिने पहिल्याच दिवशी, मराठी कळणाऱ्या कुणालाही कळेल अशा शब्दांत सांगितलं होतं. आईला कळलं होतं. शेजारणींना कळलं होतं, म्हणून तर त्या हसत होत्या. त्या नारळ ठेवणाऱ्या बाईला नसेल कळलं. आणि मला. मी आणि ती बाई, आम्हा दोघींनाच तिथे मंत्र ऐकू आला होता.

संध्याकाळी मी मोबाइल घेऊन ओट्यावर तिच्याशेजारी बसले. माफी मागायची असं ठरवून गेले होते. पण तोंडातून निघालं ते असं: "फुई, तू जे करत होतीस ना, ते शास्त्रीयच आहे. त्याला परागीभवन म्हणतात."

फुईने व्हिडिओ पाहिला. पूर्ण पाहिला. मग म्हणाली, "नाव सापडनं का तुले त्यानं? बरं व्हयनं. आते पाप नही लागाव."

"तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू इचारं कधी?"

मी म्हटलं, उद्यापासून पुन्हा सुरू कर, मी मदत करते. तिने मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"मी कशी लावू लगन? जिले हळदना ताटजोडे कोनी उभं ऱ्हाऊ देत नही, ती." माझं वाक्य तिने तिच्या बोलीत फिरवून मला परत दिलं. एकदाच ऐकलेलं, पण एकही शब्द सुटला नव्हता. "तुन्हा हात चांगला शे. तू लाव."

मी लावायचं ठरवलं. अलार्म लावून सहाला उठायचे. पण इथेही मी, मीच होते. मी वाचलं होतं की एकाच वेलावरची नर आणि मादी फुलं म्हणजे एका घरातलीच, बाहेरचा पराग आणला तर वाण सशक्त होतो. ते मला लगेच पटलं. आंतरजातीय विवाहांवर मी तीन पत्रकं लिहिली आहेत. भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर अगदी तसाच एक वेल पसरलेला होता, तीच पानं, तीच पिवळी फुलं. मी भिंतीवरून वाकून तिथली नर फुलं तोडली आणि फुईच्या वेलावरच्या फुलांना लावली. मनातल्या मनात मला ते फार सुंदरही वाटलं. असं पाच-सहा दिवस केलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक गाठ गळली नाही. लिंबाएवढी झाली, मग मुठीएवढी.

मी घरभर सांगितलं. नाना बघायला आले. आई म्हणाली, "बोट दाखवू नका रे कोवळ्या फळाला, सडतं," आणि लगेच माझ्याकडे बघून म्हणाली, "यावर लिहू नको बाई." फुई आली नाही. पण रोज विचारायची, केवढं झालं. मी हाताने दाखवायचे. मेच्या मध्यावर फळावर जाळी उठली, वास सुटला, देठाशी बारीक भेग पडली. मग मात्र ती उठून मागे आली. सभागृहातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

तिने फळ उचललं नाही. वाकून देठ पाहिला. देठाभोवती बोट फिरवलं.

"दोरा कोठे शे?"

"कसला दोरा?"

"कळीले बांधेल व्हता का नही तू?"

मी नाही म्हटलं. व्हिडिओत दोरा नव्हताच.

"आनि नवरदेव कोना?"

मी भिंतीपलीकडे दाखवलं. ती भिंतीपाशी गेली, टाचा उंचावून पाहिलं. मग धुण्याच्या दगडावर बसली.

"ते शेंदाड शे माय," ती म्हणाली.

शेंदाड आमच्याकडे बांधावर, पडीक जागेत आपोआप येतं. दिसायला डांगराचा चुलतभाऊ, पिकलं की फुटतं, चव पिठूळ, फिकी. डांगराशी त्याचा पराग सहज जुळतो. म्हणून तर फुई संध्याकाळी कळ्यांची तोंडं बांधायची, की रात्रीतून किंवा पहाटे कुठला किडा, कुठली मुंगी बाहेरचा पराग घेऊन आत शिरू नये. म्हणून लग्न लावल्यावर पुन्हा बांधायची. देठाला धागा, तो खूण म्हणून: या फळाचं बी ठेवायचं, बाकीची खायची. हळद का, तर पांढरा धागा मळतो, पानांत दिसत नाही, आणि हळदीला मुंगी लागत नाही. मी ज्याला मंतरलेले धागे म्हटलं ते तिच्या बियाण्याचं कुंपण होतं. नदीत वाडी होती तेव्हा आजूबाजूला कोसभर सगळं एकच डांगर, तिथे धाग्याची गरज नव्हती. धागा तिने नंतर, गावात घरामागे लावायला लागल्यावर, एकटीने शोधून काढला होता. हे सगळं तिने मला त्या दगडावर बसून, रागावल्याशिवाय, लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं.

"पण फळ तर डांगराचंच दिसतंय," मी म्हटलं. "जाळी बघ. वास बघ."

"फळ मायनं शे. बी कोनं शे ते आते कोन सांगी?"

मला रडू आलं. मी काहीतरी बोलले, बाहेरून आणलेला पराग, वाण सशक्त होतो, माणसांतही आपण म्हणतोच ना. ती एकदम हसली.

"मानसेसनं येगळं, बीनं येगळं. तू बाम्हनना पोऱ्या करी लय नही त आखो कोना, मी अक्षता टाकसू. पन डांगर डांगर ऱ्हावाले पाहिजे ना?"

वेल तोवर करपायला लागले होते, नवी फुलं थांबली होती. ते फळ आम्ही चौघांनी खाल्लं. इतकं गोड डांगर मी आधी खाल्लेलं नाही. म्हणजे बी गेलं तेव्हा काय गेलं, हेही मला त्याच दिवशी कळलं. फुईने दोन फोडी खाल्ल्या, डोळे मिटून खाल्ल्या. बी धुऊन, सुकवून ठेवलं, पण त्या डबीत नाही. कागदाच्या पुडीत. डबी तिने घासून स्वच्छ केली आणि आईला दिली, लवंगा ठेवायला.

त्या पावसाळ्यात मी सुट्टीच्या दिवशी एसटीने फिरले. तापीकाठची तिच्या सासरकडची गावं पाहिली. जळगावला बाजारात विचारलं, सावद्याकडे केळीच्या गाड्या भरणाऱ्यांना विचारलं. नदीतल्या वाळूचं जुनं डांगर, कुणाकडे बी आहे का? "बी पाकिटात येतं ताई," एक शेतकरी म्हणाला, "कुठली कंपनी पाहिजे?" सावद्याला एका म्हाताऱ्याने मला बसवून घेतलं, त्या डांगराच्या वासाबद्दल पाऊण तास सांगितलं, चहा पाजला. बी त्याच्याकडे नव्हतं. माझ्या पिशवीत पत्रकांचा एक गठ्ठा होता, जुन्या बियाणांचं जतन या विषयावर, मीच लिहिलेला. तो मी काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात पुडीतलं बी लावलं. फुईनेच सांगितलं लाव म्हणून. या वेळी कळ्या मी बांधल्या, धागे हळदीत मी बुडवले, ती खुर्ची टाकून मागे बसायची आणि चुका काढायची. "नवरीले एवढं घोळू नको, उठीसन पळी जाई ती." शेजारणी पुन्हा येऊ लागल्या, पण मी असले की जरा जपून हसतात. फळं भरपूर धरली. सगळ्या वेलांना धरली. पिकायला लागली तशी लांबट झाली, जाळी काही उठली नाही, आणि पहिलं फळ वेलावरच उभं फुटलं.

आईने ते कापलं. आतून पांढरट, पिठूळ. नानांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "साखर लागेल याला." मी फुईकडे बघत होते. तिने पूर्ण फोड खाल्ली, साल बाजूला ठेवली, बोटं पदराला पुसली.

बियाण्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे, अनेकदा. सभागृहातल्या त्या वाक्याबद्दल अजून मागितलेली नाही. तोंड उघडलं की माफीच्या आधी मुद्दे येतात.

राहिलेली कच्ची फळं तिने एका सकाळी विळी घेऊन बसून चिरली. पातळ चकत्या करून मीठ लावून वाळवल्या की त्याच्या काचऱ्या होतात, पावसाळ्यात तळून खातात. पाट्या गच्चीवर नेण्याचं आणि दुपारी चकत्या उलटण्याचं काम माझ्याकडे होतं. शेजारच्या गच्चीवरून त्याच काकूंनी, ज्यांच्या मुलीने धागा बांधला होता त्यांनी, हाक मारली.

"काय वाळवताय हो मॅडम?"

मी म्हणाले, "फुईचं डांगर."

खालून, मागच्या अंगणातून, फुईचा आवाज आला. "डांगर नही, शेंदाड शे ते! खरं सांग तिले!"

मी काकूंना खरं सांगितलं.